अगाडी-पिछाडी बांधलेली बोट

बसा, चहा टाकलाय. तो येईपर्यंत माझ्या एका शहाणपणाची हकिकत ऐका. शहाणपण म्हणतो, कारण ते करत होतो तेव्हा मला तसंच वाटत होतं. मी एक बोट बांधली होती. भर दुपारी, चारचौघांच्या देखत, आणि इतकी पक्की की त्यापायी एका वकीलसाहेबांना आपलं जेवणाचं ताट घेऊन दुसऱ्याच्या बोटीत यावं लागलं.

तुम्ही म्हणाल, ग्वाल्हेरात बोट कुठली? खरं आहे. आमचं घर शहराच्या लष्कर भागात, दाना ओलीत. चार पिढ्यांमागं आमचे लोक दक्षिणेतून फौजेबरोबर आले आणि एका सरदारांच्या पागेत चिकटले. घोडे बांधायचे, सोडायचे, चारायचे, हेच आमचं काम. आमच्या घराण्यात पाणी म्हणजे घोड्याला पाजतात ते. समुद्र कुणी स्वप्नातसुद्धा पाहिला नव्हता.

वडील, म्हणजे आबा, त्या पागेचे जमादार. मी तिथंच दाणा-वैरणीचा कारकून. पुढं सरदारसाहेबांनी मोटार घेतली, मग दुसरी घेतली, आणि घोडे एकेक करून गेले. शेवटचा गेला त्या दिवशी आबा घरी आले, पगडी खुंटीला लावली आणि अंगणात बसले. त्यानंतर वर्षभर ते घराबाहेर पडले नाहीत. कुणी बोलवायला आलं की म्हणायचे, "माझं काय काम आहे तिथं?"

इकडे सरदारसाहेब मुंबईला गेले आणि येताना एक शिडाची बोट घेऊन आले. रेल्वेनं ग्वाल्हेर आणि तिथून बैलगाडीवर तिघऱ्याच्या तलावापर्यंत. बोट पांढरीशुभ्र, आठ माणसं ऐसपैस बसतील अशी. ती चालवायला त्यांनी रामदीन केवट ठेवला आणि देखरेखीला मला. का, तर पागेतला मोकळा झालेला माणूस कुठं तरी लावायला हवा.

पण खरं सांगू का? सहा महिन्यांत मला त्या बोटीचं वेड लागलं. शिडात वारा भरला की बोट जराशी कलायची आणि पुढं सरकायची, ना चाकांचा खडखडाट, ना धूळ. मला वाटायचं, जन्मभर हेच करावं.

आबांना ते पटत नव्हतं. "पाण्यावर कसली नोकरी? लाकडाच्या खोक्याची राखण," असं म्हणायचे. मला इंदरगंजातल्या एखाद्या कचेरीत चिकटवायचं त्यांच्या मनात होतं. शेवटी सरदारसाहेबांनीच तोड काढली. त्यांनी निरोप पाठवला, "आबा, एकदा येऊन बघा. तुम्ही म्हणाल तर मुलाला कायम करतो, तुम्ही म्हणाल तर आजच मोकळा करतो." सरदारसाहेबांच्या शब्दापुढं आबांचं काही चालत नसे. वर्षानं पहिल्यांदा त्यांनी खुंटीवरची पगडी काढली.

म्हणजे बघा, माझ्या नोकरीचा निकाल त्या एका दिवसावर आला होता.

चैत्र नुकताच लागला होता. तलावाच्या एका टोकाला पाणी टेकड्यांच्या आत शिरलंय. तीन बाजूंना टेकड्या, एक बाजू उघडी. वारा लागत नाही, लाटा येत नाहीत, म्हणून सुट्टीच्या दिवशी ज्यांच्याकडे बोट असेल ते सगळे तिथंच येऊन थांबायचे, जेवायचे, पत्ते खेळायचे. त्या दिवशी सरदारसाहेब, आबा, रामदीन आणि मी बोट घेऊन पोचलो, तेव्हा आमच्या आधीच पाच-सहा बोटी येऊन उभ्या होत्या.

आता बोट उभी करायची रीत रामदीननं मला पहिल्याच आठवड्यात सांगितली होती. पुढच्या टोकाला दोरी, दोरीला नांगर, नांगर तळाला. पाणी जितकं खोल त्याच्या पाचपट दोरी सोडायची. मग बोट त्या एका दोरीवर मोकळी राहते आणि वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते. वारा फिरला की तीही फिरते. शेजारच्या बोटीही तशाच फिरतात, त्यामुळं कुणी कुणाला लागत नाही.

साधी गोष्ट आहे की नाही? पण मला ती त्या दिवशी फारच साधी वाटली. म्हटलं, आबा बघणार, एक दोरी टाकून बसायचं? त्यात माणसाचं कसब काय दिसणार? मग मी काय केलं असेल? आदल्या दिवशी रिकाम्या पागेत गेलो आणि घोड्याची एक जाडजूड लोखंडी मेख उचलून आणली. पाटणकर बाजारातून नवी दोरी घेतली. घोड्याला कसं, पुढून अगाडी बांधतात आणि मागच्या पायांना पिछाडी, की जनावर जागचं हलत नाही. तशीच बोट बांधायची ठरवली.

रामदीननं नांगर टाकला. मी बोटीच्या मागच्या टोकाला दोरी बांधली, कमरेइतक्या पाण्यातून काठावर गेलो, मेख ठोकली आणि दोरी अशी ताणली की सतारीसारखी वाजली. नांगराचीही दोरी आत ओढून घेतली. बोट उघड्या बाजूला आडवी, जागच्या जागी गच्च.

रामदीन बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "बाबूजी, नाव है, घोड़ी नईं है. खुली रहन दो."

"तू चुप रह," मी म्हणालो. "हमारे यहाँ चार पीढी से बाँधते आए हैं."

"नाव?" त्यानं बोटीवर हात ठेवून विचारलं.

मी आबांकडे पाहिलं. ते पगडी सावरत बसले होते, नजर त्या ताणलेल्या दोरीवर. मी म्हणालो, "आबा, पाहिलंत? अगाडी-पिछाडी."

"हं," आबा म्हणाले.

त्या हुंकाराचा अर्थ मी शाबासकी असा घेतला.

जेवण सुरू झालं. सरदारसाहेबांकडची पुरी आणि श्रीखंड. शेजारच्या बोटीत एक वकीलसाहेब होते, त्यांची मंडळी होती. वकीलसाहेब उभ्यानंच जेवत होते आणि जेवता जेवता सरदारसाहेबांना कुठल्याशा खटल्याची गोष्ट सांगत होते. बाकीच्या सगळ्या बोटी डुलत होत्या, आमची तेवढी ओट्यासारखी स्थिर. सरदारसाहेब म्हणाले, "वा दत्तू, आज वाटी हलत नाही." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

तेवढ्यात रामदीन उठून उभा राहिला. उघड्या बाजूला, पाण्यापलीकडे, आकाश मातीच्या रंगाचं झालं होतं.

"आँधी है, बाबूजी. पीछे की रस्सी खोल दो."

मी म्हणालो, "आँधी येऊ दे की. त्यासाठीच तर बांधलीय."

तुम्ही ग्वाल्हेरची चैत्रातली आंधी पाहिलीय ना? ती थांबून विचारत नाही. तीन बाजूंच्या टेकड्या आपल्या जागी उभ्या राहिल्या आणि वारा चौथ्या बाजूनं आत आला. सगळ्या बोटी कवायतीत असल्यासारख्या एकदम वळल्या आणि वाऱ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. आमची सोडून. आमची कशी वळणार? मी बांधली होती ना.

वकीलसाहेबांची बोट वळली तशी तिची मागची बाजू फिरत फिरत आमच्या अंगावर आली. धाडकन बसली. वकीलसाहेब खटल्याच्या ऐन रंगात होते. ते तसेच ताटासकट आमच्या बोटीत येऊन पडले, आणि श्रीखंडाचं पातेलं सरदारसाहेबांच्या मांडीवर. वकिलीणबाई पलीकडून विचारत होत्या, "अहो, तिकडे कशाला गेलात?"

इथपर्यंत हसण्यासारखं होतं. पण मग लाटा आमच्या आडव्या अंगावर आपटू लागल्या. पाणी आत यायला लागलं. बोट एका कुशीवर कलायची, दोरीला हिसका द्यायची, परत आदळायची. मी मागच्या गाठीशी झटत होतो. ती मीच आवळलेली, वर भिजून फुगलेली, नखं तुटली पण सुटेना. रामदीन डब्यानं पाणी उपसत होता. सरदारसाहेबांना पोहता येत नव्हतं, हे मला माहीत होतं. खोटं कशाला सांगू, मी घाबरलो होतो. नोकरीबिकरी सगळं विसरलो होतो.

आणि आबा उठले. वर्षभर अंगणात बसून राहिलेला माणूस, त्या हेलकावणाऱ्या बोटीत दोन पायांवर सरळ चालत मागं आला. मला खांद्याला धरून बाजूला केलं. कमरेचा बटवा सोडला, त्यातून सुपारीचा अडकित्ता काढला आणि त्या नव्या कोऱ्या दोरीला लावला. कट, कट, कट, चौथ्यांदा दोरी तुटली.

बोटीनं मोठी गिरकी घेतली. रामदीननं धावत जाऊन नांगराची दोरी लांबवर सोडली. मग बोटीनं वाऱ्याकडे तोंड केलं आणि बाकीच्या बोटींच्या ओळीत जाऊन शांत उभी राहिली. आबांनी तिच्या कडेवर दोनदा थोपटलं, घोड्याच्या मानेवर थोपटावं तसं. ते त्यांनाही कळलं नसावं.

आंधी गेली. वकीलसाहेब आपल्या घरी, म्हणजे आपल्या बोटीत, परत गेले. सरदारसाहेब मांडीवरचं श्रीखंड निरपत होते. मला मात्र राहवलं नाही. गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं.

"आबा, मी आपल्या पागेच्याच रीतीनं बांधली होती हो."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मला सोसलं असतं.

"कुणाच्या पागेच्या?" ते म्हणाले. "वादळ सुटलं की आम्ही सगळ्यात आधी पिछाडी सोडायचो. वारा आला की जनावर वळून त्याला पाठ देतं. त्याला वळू दिलं नाही तर ते स्वतःला मोडून घेतं."

"हे तुम्ही कधी सांगितलं नाही."

"तू पागेत होतास की. चार वर्षं. बघितलं नाहीस?"

चार वर्षं मी दाण्याची पोती बघत होतो. मला वाटायचं, आबांची विद्या म्हणजे दोऱ्या आणि मेखा. दोरी केव्हा सोडायची हे त्यांना जनावराकडे बघून कळत होतं, आणि पहिल्यांदाच पाहिलेल्या बोटीकडे बघूनही कळलं. फार लाज वाटली. आजही सांगताना वाटते.

रामदीन मान खाली घालून पाणी उपसत होता. हसत होता की नाही, मी बघितलं नाही.

शेवटी सरदारसाहेबांनी हात धुतले आणि म्हणाले, "आबा, आता तुमचा निकाल सांगा. मुलाला ठेवू की मोकळा करू?"

मी डोळे मिटून घेतले. मनात इंदरगंजातली कचेरी दिसायला लागली होती.

आबांनी अडकित्ता पुसून बटव्यात ठेवला.

"ठेवा, सरकार," ते म्हणाले. "इथंच ठेवा. याच्या हाती घोडा असता तर आज पाय मोडून पडला असता. लाकडाला निदान दुखत तरी नाही."

आणि एवढ्या शिफारशीवर मी कायम झालो.