डुमसची पाखरं आणि भरिताच्या दोन लाऱ्या

सुरतेला लोक साड्या घ्यायला जातात. नव्वदीच्या दशकातल्या एका हिवाळ्यात मी गेले ती दोन भावांचं भांडण मिटवायला. नंदुरबारच्या शाळेत मी विज्ञान शिकवायचे, त्यामुळे कुणालाही काहीही पटवता येतं असा माझा गोड समज होता.

हे भाऊ राहायचे सुरतेबाहेरच्या बमरोलीत, मिलवाल्यांच्या वस्तीत. तिथे जायचं तर सुरतेपर्यंत न जाता अलीकडच्या उधना स्टेशनलाच उतरा. पुढे शेअर रिक्षा मिळते. मांडीवर कुणी बसलं तर मनावर घेऊ नका.

तिथे माझी मावशी आणि तिचे दोन मुलगे, रमेशभाऊ आणि धाकटा सुरेश. रमेशभाऊंनी मिलच्या फाटकासमोर भरीत-पुरीची लारी, म्हणजे हातगाडी लावली. ती चालली, म्हणून सुरेशने शेजारीच लारी लावली, तीही भरीत-पुरीचीच. गिऱ्हाईक वाटलं गेलं, दोघांचंही भरीत उरू लागलं, मग अबोला. खोली एक, स्टोव्ह दोन. मावशी सकाळी एकाकडे जेवायची, संध्याकाळी दुसऱ्याकडे.

"दोन्ही एक पंगतमा बसतीन तर ऱ्हासू," ती मला म्हणाली, "नही ते गावले चालनी."

मिलच्या सुट्टीला दोघांना बसने डुमसला, समुद्रावर नेलं. ओहोटीची वेळ विचारूनच निघा, नाहीतर नुसतं पाणी बघून परत याल. बसमध्ये मी मध्ये, ते दोन बाजूंना.

"त्याले सांग, पहिले मन्ही लारी व्हती," रमेशभाऊ.

"त्याले सांग, रस्ता सरकारना शे," सुरेश.

किनाऱ्यावरच्या चिखलात पाखरं चरत होती. एक लांबलचक चोच मुळापर्यंत खुपसून खोलातला किडा ओढत होतं. त्याच घराण्यातलं दुसरं, आखूड चोचीचं, वरवरचं टिपत होतं. मी शिकवणी सुरू केली. एकाच घासावर भाऊबंद तुटून पडले की सगळेच अर्धपोटी. ज्याची चोच जराशी वेगळी, त्याला वेगळा घास मिळतो. तो जगतो, त्याची पिल्लं जगतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या चोची एकमेकींपासून लांब जात राहतात. दोघे मन लावून ऐकत होते. गरम रताळू पुरीचा, म्हणजे तिथल्या कंदाच्या भज्यांचा, त्यात मोठा वाटा होता. डुमसला गेलात तर ती चुकवू नका, बसच्या तिकिटापेक्षा महाग पडली तरी.

परतताना प्रत्येकाला बाजूला घेऊन कानात सांगितलं, "तुम्हीच चोच बदला. भरीत सोडा, दुसरं काहीतरी लावा. त्याला आत्ताच कळू देऊ नका."

दोघांनीही मान हलवली. मी विजयी मुद्रेने नंदुरबारला परतले आणि शाळेत तास भरून त्याच चोची शिकवल्या.

पंधरवड्याने दारात मावशी उभी, हातात पत्र्याची पेटी.

"दोन्हीसनी भरीत सोडं," ती म्हणाली. "दोन्हीसनी शेवभाजी लाई."

मी थक्क. "दोघांनीही तेच कसं?"

"मीच शिकाडं त्यासले. भरीत नि शेवभाजी, तिसरं काय येस?"

माझा चेहरा पडला. मला खरंच वाईट वाटलं, तिचं दोन्ही स्टोव्हवरचं जेवण माझ्यामुळे सुटलं होतं. ती मात्र पेटी आत सरकवून शांतपणे पाणी प्यायली.

"पाखरंसनं बरं शे," ती म्हणाली. "त्यासले मावसबहीन ऱ्हास नही."