दसऱ्याची ड्युटी

सोमवार. दसऱ्याला चार दिवस बाकी. सकाळी साडेदहा, लॅबचं ऑफिस. हजर: शेठ (आमच्या लॅबचे मालक), मी (लॅब इन्चार्ज), सुनंदा (मीडिया रूमची सुपरवायझर), रेखा, ममता आणि आणखी चार ऑपरेटर. गैरहजर: कोणी नाही. विषय एकच, लॅबमधल्या पूजेला बंदीची माझी नोटीस.

शेठनी नोटीस टेबलावर माझ्याकडे सरकवली.

"मॅडम, पाच मुद्दे बराबर आहेत. हे सहावं लिहायची काय जरूरत होती?"

"शेठ, खरं तेच लिहिलंय."

"खरं तर माझं वजन पण आहे. ते कोणी बोर्डावर लावतं का?"

ममता फिसकन हसली. रेखा हसली नाही. ती सहा ऑपरेटरांत सगळ्यात जुनी, शाहपूरहून येणारी. तिच्या हातात सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज होता. यंदा पूजा नाही तर दसऱ्यानंतरचे आठ दिवस आम्हीही येणार नाही, असं त्यात लिहिलेलं होतं.

ते आठ दिवस म्हणजे काय, हे आधी सांगते. आमची टिश्यू कल्चर लॅब आहे. केळीच्या चांगल्या झाडाचा वाढीचा कोंब काढायचा, तो काचेच्या बाटलीत जेलीसारख्या खाद्यावर ठेवायचा. या खाद्याला आम्ही मीडिया म्हणतो. कोंबाला कोंब फुटतात. तीन-चार आठवड्यांनी खाद्य संपत येतं, तेव्हा झुपका कापून नव्या बाटल्यांत लावावा लागतो. याला सबकल्चर म्हणतात. ते वेळेवर झालं नाही तर कोंब उपाशी राहून काळे पडतात. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात आमच्या सगळ्यात मोठ्या बॅचचं सबकल्चर होतं. रोपांचं बुकिंग झालेलं होतं. सहा जणी आल्या नसत्या, तर बॅच गेली असती.

दुसरी गोष्ट कंटॅमिनेशन. बाटलीतलं खाद्य कोंबाला आवडतं तसं बुरशीलाही आवडतं. हवेतला एक कण आत गेला की आठ-दहा दिवसांत पांढरा कापूस दिसतो. मग ती बाटली न उघडता फेकायची. म्हणून कापायचं काम लॅमिनारवर होतं, म्हणजे गाळलेली हवा सतत समोर सोडणाऱ्या टेबलावर. तिथे स्पिरिट असतं. तिथे फुलं चालत नाहीत, ओला नारळ चालत नाही आणि दिवा तर अजिबातच चालत नाही.

मागच्या दसऱ्याला रेखाने नेमका तिथेच दिवा लावला होता. झेंडूचा हारही घातला होता. दहा दिवसांनी तीन रॅक बाटल्या फेकाव्या लागल्या. रिपोर्ट मी लिहिला. कारण: पूजा. म्हणून यंदा नोटीस काढली. पहिले पाच मुद्दे बुरशीचे, स्पिरिटचे, ओलाव्याचे. सहावा असा: 'यंत्रात देव नसतो. यंत्राची पूजा ही अंधश्रद्धा आहे.'

मी देव मानत नाही. आठ वर्षांपूर्वी इथे लागले त्याच आठवड्यात, डबा खाताना, मी तसं सांगितलं होतं. कारणांसह सांगितलं होतं. नंतर महिनाभर माझ्या डब्याशेजारी कोणी डबा ठेवला नाही. तेव्हापासून देव न मानणारा माणूसही चारचौघांसारखा असतो, हे लोकांना पटवायचं मी ठरवलं. डायरीत मुद्दे काढले. प्रसाद पुढे आला की नम्रपणे नकार द्यायचा, कोणी विचारलं की समजावून सांगायचं. आठ वर्षांत कोणी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

आणि यंदा होळीनंतर सुनंदा आली. डोईफोडिया गावची. मीडिया रूममध्ये खाद्य शिजवायचं, ऑटोक्लेव्ह, म्हणजे आमचा मोठा प्रेशर कुकर, सांभाळायचा, हे तिचं काम. आल्यावर पहिल्याच चतुर्थीला ममताने तिला विचारलं, "ताई, उपास नाही का तुमचा?"

"नाही व. मी देवच नाही मानत."

"बिलकुल नाही?"

"बिलकुल नाही. साबुदाण्याची खिचडी आणली का? दे बरं इकडे थोडी."

सगळ्या हसल्या. ममताने अर्धा डबा तिच्या झाकणात ओतला. मी समोरच बसले होते. वाक्य तेच होतं. मी तर कारणंही दिली होती.

तेव्हापासून मी तिच्यावर लक्ष ठेवून होते, हे कबूल करते. ती कुठे चुकते ते पाहत होते. रेखाचे सासरे गेले तेव्हा ती तेराव्याला गेली. मनात म्हटलं, सापडली. दुसऱ्या दिवशी ममताकडून कळलं, ती पिंडाच्या जागी फिरकलीही नाही, मागे बसून दोन पोती बटाटे सोलत होती. मी गेले नव्हते. तेरावं मला पटत नाही.

आता मीटिंगकडे. मी मोबाईल काढला आणि मागच्या वर्षीच्या बाटल्यांचे फोटो शेठना दाखवायला लागले.

"मॅडम," रेखा म्हणाली, "हे फोटो आम्ही दहा वेळा पाहिले. मी एक विचारू का?"

"विचार."

"आत दिवा लावला, ते चुकलं माझं. कबूल. पण मी दसऱ्याला इथं काय करू राहिली होती?"

"ड्युटी." लॅब बंद असली तरी ग्रोथ रूमचा, म्हणजे बाटल्या ठेवतात त्या खोलीचा, एसी आणि लाइट चालू असतात. कोणीतरी एकाने थांबावंच लागतं.

"चार्ट कोण बनवतं?"

"मी."

"माझ्या घरी पाटावर विळा, कोयता, मोटारसायकल, सगळ्याची पूजा चालली होती. पोरं फोनवर फोन. मी इथं एकटी. म्हटलं, ज्या टेबलावर रोज हात चालतो त्याला तरी हळद-कुंकू लावू. तुम्ही तर देव मानत नाही मॅडम. तुमच्या घरी पूजा नाही, काही नाही. तुम्ही काय करत होत्या त्या दिवशी?"

मी मोबाईल खाली ठेवला. मला आठवत होतं. माझ्या डायरीतही आहे. 'दसरा: कपाट आवरणे.' पुढे बरोबरची खूण.

"सण मानत नाही, पण सणाची सुट्टी पहिले ह्यांचीच," मागून कोणीतरी हळू म्हणालं. शेठनी पंख्याकडे पाहिलं.

तेव्हा सुनंदा बोलली. तोवर ती दाराला टेकून उभी होती.

"रेखा, तुझ्या नणंदेची डिलिव्हरी झाली ना आता?"

"हो. पंधरा दिवस झाले. त्याचं काय?"

"तिच्या खोलीत बाहेरचं माणूस सरळ घुसतं का?"

"कसं घुसेल? पाय धुवायचे, जरा टेकायचं, मग जायचं. अन् जास्त कोणी जायचंच नाही, सव्वा महिना."

"अन् कोणी पूजेचं ताट घेऊन, धूप घेऊन बाळाच्या तोंडापाशी गेलं तर?"

"सासू हाणेल त्याला."

"मग आत काय आहे आपल्या? बाटल्यांत?"

ममता म्हणाली, "बाळंच की हो."

"तर पूजा उंबऱ्यावर करा. चपला बदलायच्या खोलीच्या बाहेर. तिथं टेबल लावा, कात्र्या, चिमटे, जुना मोटर पंप, काय मांडायचं ते मांडा. नंतर कात्र्या-चिमटे माझ्या ऑटोक्लेव्हमधून काढू, जंतू मरतील. अन् दसऱ्याची ड्युटी माझी. मला कुठं पूजा करायची आहे?"

"तुम्ही उभ्या राहाल का ताई पूजेला?" ममताने विचारलं.

"उभी राहीन. हात नाही जोडणार. नारळ सोलून देईन, तुझ्याच्यानं सोलत नाही."

सगळ्या पुन्हा हसल्या. रेखाने अर्जाची घडी केली आणि ब्लाउजमध्ये खोचली. शेठ म्हणाले, "चलो, हो गया. चहा सांगा." मीटिंग पंचवीस मिनिटांत संपली.

मी जागेवर येऊन बसले. तिने सांगितलं ते सगळं माझ्या पहिल्या पाच मुद्द्यांत होतं. बाहेरचं आत नेऊ नये, बस एवढंच. माझ्याकडे बाटल्यांचे फोटो होते, तिच्याकडे रेखाची नणंद होती. मला राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. लहानपणी शाळेत बाकावरच्या शेजारणीला माझ्यापेक्षा कमी मार्क पडूनही बाई तिच्याच केसात फूल माळायच्या, तेव्हा वाटायचं तसं काहीतरी वाटलं.

दसऱ्याला मी सुट्टीवर होते. सुट्टी आधीच मंजूर होती आणि आता रद्द करायची म्हणजे सगळ्यांना कारण कळलं असतं. अकरा वाजता लॅबच्या ग्रुपवर फोटो आला. उंबऱ्याबाहेर टेबल, त्यावर हार घातलेला पंप, समोर सहाही जणी. सुट्टीच्या दिवशी, पूजेपुरत्या, घरून आलेल्या. बाजूला सुनंदा. मी फोटो बोटांनी मोठा केला. तिचे हात पाहायचे होते. जोडलेले असते तर मला फार बरं वाटलं असतं. सगळ्यांना सांगता आलं असतं की बघा, हिचं न मानणं काही खरं नाही.

हात जोडलेले नव्हते. एका हातात नारळाच्या शेंड्या होत्या. दुसऱ्या हाताचा अंगठा नारळ सोलताना कापला असावा, त्याला चिंधी बांधलेली होती.

मी फोन उलटा ठेवला. थोड्या वेळाने परत पाहिला.

दसऱ्यानंतर सहाही जणी आल्या. सबकल्चर वेळेत झालं. दहा दिवसांनी मी स्वतः रॅक तपासले. नेहमीच्या दोन-चार बाटल्या सोडल्या तर पांढरा कापूस कुठेच नव्हता. शेठ म्हणाले, "सुनंदाने काम केलं." मी म्हटलं, "हो." हा एक शब्द उच्चारायला मला किती वेळ लागला, ते त्यांच्या लक्षात आलं नसावं.

मग मी मागच्या वर्षीचा रिपोर्ट काढला. बॅच बिघडली की आम्ही 'का' असं पाच वेळा विचारतो, ही आमच्या कामाची पद्धत आहे. बाटल्या का बिघडल्या? बुरशी आली. बुरशी का आली? आत फुलं नेली. फुलं का नेली? पूजा केली. मी तिथे थांबले होते आणि सही केली होती. आता खाली पेनाने दोन ओळी वाढवल्या. पूजा आत का केली? त्या दिवशी घरी जाता आलं नाही. घरी का जाता आलं नाही? इन्चार्जने स्वतःची सुट्टी आधी लावली.

मग आठ वर्षांचे चार्ट काढले. दसरा, लक्ष्मीपूजन, पाडवा, संक्रांत, होळी. एकाही सणाच्या पुढे माझं नाव नव्हतं. ज्यांना त्या दिवशी घरी काम होतं त्यांची नावं होती. जिला नव्हतं, ती कपाट आवरत होती.

रिपोर्ट रेखाला दाखवला. तिने शेवटच्या दोन ओळी दोनदा वाचल्या.

"ती ड्युटी मी घ्यायला हवी होती," मी म्हटलं.

"हो मॅडम, घ्यायला हवी होती," ती म्हणाली आणि टोपी-मास्क लावून आत गेली. माझी काही समजूत वगैरे घातली नाही. बरं केलं.

यातून मी काय शिकले ते लिहिते, कारण लिहिल्याशिवाय माझं काही पक्कं होत नाही. आपण देव मानत नाही हे लोकांना एक वेळ खपतं. आपण त्यांच्या कामाला येत नाही, हे खपत नाही. मी आठ वर्षं पहिल्याची बाजू मांडत होते आणि लोक दुसऱ्याची शिक्षा देत होते. सुनंदाने कोणाला काही पटवलं नाही. तिने बटाटे सोलले.

सहावा मुद्दा खोडून नोटीस पुन्हा लावली. मग बोर्डावरचा दिवाळीचा कोरा चार्ट भरायला घेतला. ठरवलं होतं, लक्ष्मीपूजनाच्या रकान्यात यंदा माझं नाव लिहायचं. पेन उघडलं. रकाना भरलेला होता. सुनंदा. अक्षर तिचंच, मोठं आणि तिरपं. बाजूला ममताने पेन्सिलीने फुलबाजी काढली होती.

चार्ट माझा आहे, मी नाव बदलू शकते. पण तिला न विचारता बदललं तर पुन्हा तेच झालं, माझ्याच मर्जीचा चार्ट. आणि विचारायचं म्हणजे सांगावं लागणार, की बाई, तुझं पाहून मला हे करावंसं वाटलं.

आजच्या यादीत सात कामं होती. एसीचा फिल्टर, जेलीसाठी अगारची ऑर्डर, रेखाची रजा मंजूर करणे, वगैरे. सहांपुढे खूण झाली आहे. दिवाळीला तीन दिवस आहेत. मीडिया रूम माझ्या टेबलापासून वीस पावलांवर आहे आणि ऑटोक्लेव्हची शिट्टी आत्ताच झाली, म्हणजे ती मोकळी आहे.

सातवं काम: सुनंदाकडून लक्ष्मीपूजनाची ड्युटी मागून घेणे.