खड्ड्याला लागलेलं पाणी

समोरच्या प्लॉटवर माती तपासायला खड्डा घेतलाय. ओल्या मातीचा वास खिडकीतून आला आणि मी पुन्हा नवी सून झाले.

पिंपरीत तेव्हा पहिलेवहिले कारखाने येत होते. पाया किती खोल घ्यावा, हे ठरवायला एका साहेबांनी आमच्या शेतात खड्डा खणला. सासूबाईंना वाटलं, विहीरच! त्यांनी नारळ फोडला. तळाशी पाणी दिसताच ओरडल्या, "पानी लागलं गं! गूळ आन!"

साहेबांनी कपाळाला हात लावला. "आजी, पायात पाणी नको होतं हो."

"पानी कुनाला नको असतंय?" सासूबाईंनी मलाच विचारलं. मी गूळ आणला, पण तो दोघांपैकी कुणाच्या हातावर ठेवावा ते कळेना.

त्या शेतावर आता आमची इमारत आहे. पाणी टँकरनं येतं. गूळ कुणाच्या हातावर ठेवावा, मला अजून कळत नाही.