सतरा किलो

कचोरीची प्लेट हातात आली की तो ती नाकाजवळ न्यायचा, डोळे मिटून एक लांब श्वास घ्यायचा आणि प्लेट शेजारच्याच्या हातात द्यायचा. "झालं माझं," म्हणायचा. शेजारचा बहुतेक वेळा मीच असायचो. ती कचोरी मी खायचो. माझी स्वतःची आधी खाऊन झालेली असायची, ती वेगळी.

असली माणसं तुम्हीही पाहिली असतील. पंगतीत गुलाबजामला हात जोडून नको म्हणणारी, आणि आपण तिसरा उचलत असताना आपल्याकडे मोठ्या प्रेमाने बघणारी. त्यांचा राग येतो. मला तर याचा फारच यायचा, कारण हा काही जन्मापासून असा नव्हता. आदल्या वर्षापर्यंत तो माझ्या बरोबरीने खात होता. त्याचं वजन एकशे एक, माझं शहाण्णव. त्या पाच किलोंचा मला केवढा आधार होता, हे ते गेल्यावर कळलं.

उज्जैनच्या एका सरकारी ऑफिसात आम्ही वीस वर्षं शेजारशेजारच्या टेबलांवर बसलो. त्याचं घराणं शिंद्यांच्या दरबाराबरोबर इकडे आलेलं, माझे वडील रेल्वेच्या नोकरीत बदली होऊन आलेले. त्याचं मराठी माझ्याहून जुनं आणि माझ्याहून जास्त हिंदीत भिजलेलं. "मी निकलतो, तू फाइल देखून घे," असं तो अगदी सहज बोलायचा. सेक्शनमध्ये मराठी आम्ही दोघंच, आणि जाडेही आम्ही दोघंच. बडे बाबू म्हणायचे, "तुम दोनों एक साथ लिफ्ट में मत जाया करो, भिया." आम्ही मुद्दाम एकत्र जायचो.

रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी माधव नगरच्या एका ठेल्यावर पोहे-जलेबी. पोह्यांवर शेव, वर जिरावणचा चटपटीत मसाला, वर लिंबू. गरम जलेबी पोह्यांत बुडवून खाताना तो एक शब्दही बोलत नसे. मग हात पुसून म्हणायचा, "आता दिवस सुरू झाला."

एका सोमवारी तो ठेल्यावर आला, उभा राहिला, आणि प्लेट घेतलीच नाही. ठेलेवाल्याने विचारलं, "बाबूजी, तबीयत तो ठीक है?" तो म्हणाला, "ठीक है. बस, छोड दिया." मी हसलो. म्हटलं, गुरुवारपर्यंत येईल वळणावर.

गुरुवार गेला, महिना गेला. डब्यात दोन फुलके, उकडलेला दुधी, काकडी. चहा बिनसाखरेचा. संध्याकाळी कोठी रोडवर दीड तास चालणं. तीन महिन्यांत त्याच्या पँटला पुढे चुण्या पडायला लागल्या. मग एके दिवशी त्याची मान दिसली. वीस वर्षं मी त्याच्या शेजारी बसत होतो, पण त्याला मान आहे हे मला माहीत नव्हतं.

मग मीही सुरू केलं. करावंच लागलं, कारण माझ्या बायकोने त्याला बाजारात पाहिलं. घरी येऊन पिशवी खाली ठेवायच्या आधी म्हणाली, "अहो, किती छान दिसायला लागलेत ते! त्यांना जमतं, मग तुम्हाला का जमू नये?" दुसऱ्या दिवसापासून माझ्या डब्यात दलिया आला. दलिया मी अकरा वाजेपर्यंत निष्ठेने खायचो. साडेअकराला ड्रॉवरमधली शेवेची पुडी उघडायचो. त्याच्यासोबत चालायला गेलो, तर तो पुढे आणि मी मागे. मध्येच थांबून तो वळून म्हणायचा, "आराम से ये. घाई नाही." त्या 'आराम से'चा मला इतका संताप यायचा की चौथ्या दिवशी मी गुडघा दुखतो म्हणून सांगितलं.

नानाखेड्याच्या बस स्टँडवर दिव्यांचं एक वजनाचं मशीन आहे. ओळखीचं कुणी नाही असं बघून मी त्यावर चढायचो. दोन महिने दलिया खाल्ल्यावर मशीनने सत्त्याण्णव दाखवलं. म्हणजे एक किलो वाढलं होतं. मी उतरलो आणि समोरच्या दुकानात जाऊन दोन समोसे खाल्ले.

पण खरा घाव त्याने वेगळाच घातला. एके दिवशी तो एक मोठी पिशवी घेऊन आला. आत त्याचे जुने शर्ट होते, धुऊन, इस्त्री करून. भैरवगढच्या छापाचा एक कुर्ताही होता, मला नेहमी आवडणारा. म्हणाला, "मला आता फारच ढिले होतात. तुला अगदी बरोबर येतील." त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. तेच वाईट होतं. कुर्ता मला बरोबर आला. मी तो एकदाही घातला नाही.

आता सांगतो ते सांगायला मला लाज वाटते, पण तुमच्यापासून लपवून काय करू? मी त्याच्याबद्दल बोलायला लागलो. तो दर महिन्याच्या एका शनिवारी बसने इंदूरला जायचा. विचारलं तर म्हणायचा, "ताईकडे." ही त्याची मोठी बहीण. मी ऑफिसात पसरवलं की हा इंदूरच्या कुठल्यातरी भारी डॉक्टरकडून गोळ्या घेतो, त्याशिवाय एवढं वजन उतरत नाही. एकाला सांगितलं की याला बहुतेक शुगर निघाली आहे. दुसऱ्याला डोळा मारून म्हटलं, "पन्नाशीला माणूस उगाच बारीक होत नाही." हे सगळं त्याच्या कानावर गेलंच असणार. तो आपला रोज माझ्या शेजारी येऊन बसत होता.

मग माझ्या मुलीचा साखरपुडा ठरला, आणि मला रस्ता सापडला.

मी त्याला म्हटलं, "हे बघ, आपल्या ऑफिसात खाण्यातलं तुझ्याएवढं कुणाला कळत नाही. आचारी मी ठरवलाय, पण तू चाखून हो म्हटल्याशिवाय मेन्यू ठरणार नाही."

"अरे यार, मला नको फसवू. मी वास घेऊन सांगतो."

"वासाने मीठ कळतं का? पोरगी माझ्या एकट्याची आहे का? तुझ्या मांडीवर खेळलेली आहे ती."

त्याने हातातली फाइल मिटली. मग म्हणाला, "चल."

पहिल्या दिवशी त्याने रबडीचा एक चमचा घेतला. आचाऱ्याला म्हणाला, "वेलची कम करो." दुसऱ्या दिवशी अर्धी वाटी. तिसऱ्या दिवशी दाल-बाफले होते, डाळीबरोबर खायचे कणकेचे उकडून भाजलेले गोळे. मी स्वतः बाफला हाताने फोडला, त्यावर तूप ओतलं, ते बाफल्यात मुरेपर्यंत थांबलो आणि ताट त्याच्यासमोर सरकवलं. "माझी शपथ आहे," म्हटलं. त्याने ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तीन बाफले खाल्ले. त्याच्या कपाळावर घाम आला होता. तो हसत होता. मला तो किती दिवसांनी हसताना दिसला होता!

एकदा बांध फुटल्यावर मला काही करावं लागलं नाही. सोमवारी सकाळी त्याचाच फोन आला, "ठेल्यावर येतोस का?" तीन आठवडे आम्ही पुन्हा रोज पोहे-जलेबी खाल्ली. ठेलेवाल्याने खुशीत शेव जास्त टाकली. साखरपुड्याच्या दिवशी तो पंगतीत माझ्या शेजारी बसला आणि शेवटपर्यंत उठला नाही. ते तीन आठवडे मी फार सुखात होतो. माझा मित्र मला परत मिळाला, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे त्याचा पट्टा एक भोक मागे सरकला होता, ते मला दिसत होतं, आणि माझं सुख त्या एका भोकाचं होतं.

त्या महिन्याच्या शनिवारी तो इंदूरला जाऊन आला. सोमवारी ठेल्यावर आला नाही. ऑफिसात डबा उघडला, तर पुन्हा दोन फुलके आणि दुधी. मी चेष्टा करायला तोंड उघडलं, पण त्याचा चेहरा पाहून मिटलं. त्या दिवसापासून तो संध्याकाळबरोबर सकाळीही चालायला लागला. उन्हाळा सुरू झाला होता. मी स्कूटरवरून जाताना त्याला कोठी रोडवर पाहायचो. मानेवर ओला पंचा टाकून मान खाली घालून चालायचा. मी हॉर्न वाजवायचो नाही.

दीडेक महिन्याने त्याने माझ्या टेबलावर एक अर्ज ठेवला. "माझं काम तुझ्याकडे देतोय. बडे बाबूंना मी सांगितलंय."

दोन महिन्यांची वैद्यकीय रजा होती. मी म्हटलं, "काय झालं तुला?"

"मला काही नाही. ताईला किडनी द्यायची आहे."

मला आधी नीट ऐकूच आलं नाही. तो खुर्ची ओढून बसला आणि एखाद्या जुन्या फाइलबद्दल सांगावं तसं सांगायला लागला. ताईच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. चार वर्षं आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिसला न्यावं लागत होतं. मेहुणे आधीच गेलेले, मुलगा अजून शिकत होता. आदल्या वर्षी याची तपासणी झाली. "डॉक्टर म्हणाले, बाकी सगळं जुळतंय, पण एवढ्या वजनावर आम्ही तुमचं ऑपरेशन करणार नाही. चौऱ्याऐंशीवर या. काल भरलो चौऱ्याऐंशी. सतरा किलो उतरलं, यार."

"मला का नाही सांगितलंस?"

तो थोडा वेळ टेबलावरची टाचणी फिरवत राहिला. "घरी सगळे माझ्या ताटाकडे बघत होते रे. बायको बघायची, मुलं बघायची, ताई तर फोनवर विचारायची आज काय खाल्लं. तू एकटाच होतास, जो म्हणायचा की खा. तुला सांगितलं असतं तर तूही थांबला असतास."

खरं काय ते त्याच वेळी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "काळजी करू नको, काम मी बघतो." आणि मी बघितलं. दोन महिने त्याची एकही फाइल मी अडू दिली नाही. तेवढंच माझ्याने झालं.

ऑपरेशन नीट झालं. तो परत आला, पण वर्षभरातच त्याने स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि बायकोला घेऊन इंदूरला ताईच्या जवळ राहायला गेला. त्याच्या टेबलावर आता एक नवीन मुलगी बसते. बारीक आहे, दिवसभर काहीतरी खात असते. तिचा मला अजिबात राग येत नाही.

मागच्या महिन्यात मी त्याला भेटायला गेलो. दार ताईंनीच उघडलं. त्याच्यासारखंच रुंद कपाळ, तसेच डोळे. मी ओळख सांगितली, तसं त्या एकदम म्हणाल्या, "अच्छा, म्हणजे साखरपुडावाले तुम्ही!"

मी कसनुसा हसलो. त्या बोलतच राहिल्या. "त्या वेळी याचं तीन किलो वाढलं आणि डॉक्टरांनी तारीख पुढे ढकलली. दीड महिना! मी काय काय बोलले याला. म्हटलं, मी इथे मशीनला लटकलेली, आणि तुझा जिभेवर एवढासा ताबा नाही? तर म्हणतो, ताई, दोस्ताच्या मुलीचा साखरपुडा होता, मजा आली. त्यावर मी काय बोलणार?"

दीड महिना म्हणजे आठवड्याला तीन या हिशोबाने किती वेळा त्या सुया, हे मी मनात मोजलं आणि मध्येच मोजणं सोडून दिलं. तो खिडकीपाशी बसून हसत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं की त्याला सगळं माहीत आहे. रबडी, बाफले, शपथ, आणि त्यामागचं जे काही होतं तेही. कदाचित माहीत नसेलही. मी विचारलं नाही.

ऊन फार होतं. वहिनींनी पाण्याचे ग्लास आणले. ताईंनी आपला ग्लास उचलला आणि थांबून मला म्हणाल्या, "चार वर्षं मला पाणी वाटीने मोजून मिळायचं. दिवसभरात एवढंच. रात्री बर्फाचा खडा तोंडात धरून झोपायची. आता डॉक्टर रागावतात, पाणी कमी पिता म्हणून."

मग त्यांनी ग्लास तोंडाला लावला आणि न थांबता पूर्ण प्यायल्या. घोट घशातून खाली उतरताना दिसत होते. तो सगळं सोडून ताईंकडे बघत होता. वीस वर्षं मी त्याला खाताना पाहिलं होतं, पण एवढा तृप्त तो मला कधी दिसला नव्हता.

मला त्याचा पुन्हा हेवा वाटला. माझं वजन उतरावं म्हणून जगात कुणी वाट बघत नव्हतं, आणि बघत असतं तर माझ्याने उतरलं असतं की नाही, तेही मला ठाऊक नव्हतं. ताईंनी रिकामा ग्लास पुढे केला. तो उठला, तांब्या घेऊन आला आणि काठोकाठ भरेपर्यंत पाणी ओतत राहिला.