खिळवलेला बेहडा

“सायेब, पातं रडतंय. तुमीच ऐका.”

गेनूनं बेहड्याचा ओंडका करवतीत ढकलला. हातभर आत गेल्यावर ब्लेडनं असा सूर काढला की माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. तोंडात पदर कोंबून बाई रडते, तसा सूर. मी ओरडलो, “बंद कर!”

नवे पैसे नुकते चालू झाले होते, तेव्हाची गोष्ट. मी पुण्याहून आलेला फिटर, आणि ही मुळशी धरणाच्या काठची लाकडाची वखार. आदल्या दिवशी हाच ओंडका कापताना ब्लेड चाकावरून उतरलं आणि गेनूचं मुंडासं फाडून गेलं. जरा खाली आलं असतं, तर निरोप मला नाही, त्याच्या सोयऱ्यांना गेला असता. करवत तोच चालवायचा, त्याची जागा ब्लेडसमोरच होती.

बँडसॉ म्हणजे वर एक मोठं चाक, खाली एक, आणि दोन्हींवरून फिरणारं दातेरी पोलादी ब्लेड. ते ढिलं असलं तर लाकडात भरकटतं. फार ताणलं तर तुटतं, आणि तुटलं की कुठं जाईल ते सांगून जात नाही. वरच्या चाकाचा कल चुकला, की उतरतं. गेनूनं भीतीपोटी ब्लेडचा ताण, म्हणजे टेन्शन, वाढवत नेलं होतं.

“अरे, सतार आहे का ही?” मी चिडलो.

टेन्शन कमी केलं. चाकाचा कल बसवला. ब्लेडला दोन्ही अंगांनी सरळ धरणारे गाइड जवळ आणून मध्ये पोस्टकार्ड सरकेल एवढीच फट ठेवली. सागाचा तुकडा कापून पाहिला. फळी अगदी सरळ निघाली. मी खूश झालो.

मग पुन्हा बेहडा लावला. त्याच जागी तोच सूर. मी इंजिन बंद करायला लावलं, तर गेनू हात झटकून लांब जाऊन उभा राहिला.

“आता मी न्हाई हात लावणार. झाड खिळवलेलं हाय.”

“झालं यांचं सुरू!” वखारीचे मालक म्हणाले. “फिटरसाहेब, बाईमाणसाला भूतबाधा झाली की ही मंडळी ती बाधा झाडात नेऊन बांधतात. त्याला म्हणतात खिळवणं. तुम्ही चालवा. संध्याकाळी ट्रक भरायचाय.”

मी हसणारच होतो. तेवढ्यात खाली पडलेल्या भुशाकडं लक्ष गेलं. बेहड्याचा भुसा पिवळसर असतो. हा शाईसारखा काळा होता. बेहड्याला लोखंड लागलं की असाच काळा पडतो.

“गेनू, नुसत्या मंत्रानं खिळवतात, की खिळा मारून?”

त्यानं मी खुळा असल्यासारखं पाहिलं. “खिळा मारल्याबिगर खिळवायचं कसं?”

“कुठं मारलाय?”

“काय ठावं? ज्यांचं झाड, त्यांचं गाव धरनात गेलं. इचारायचं कुनाला?”

मी इंजिनाचा पट्टा उतरवायला सांगितला. मालक तडकले. “एका खिळ्यापायी काम थांबवणार?”

“तुम्ही गेनूच्या जागी उभे राहा. लगेच चालू करतो.”

मालक दोन पावलं मागं सरकले.

छिन्नीनं खोदलं. दातांच्या बोटभर पुढं, बरोबर कापाच्या रेषेत, अंगठ्याएवढा जाड लोहारी खिळा निघाला. झाडानं तो पोटात घेऊन भोवती गाठ धरली होती. त्या गाठीवर ब्लेड थरथरत होतं. खिळ्यावर आपटलं असतं, तर गेनू संपला होता.

खिळ्याला केस गुंडाळलेले होते. लांब, काळेभोर, परवाच विंचरल्यासारखे. गेनूनं हात जोडले. उपटायला कुणी पुढं येईना, तेव्हा मीच पकड घेतली.

खिळा सुटला आणि ब्लेडनं तोच सूर काढला. लांबलचक. मग थांबला.

दुपार कडक होती. धरणाचं पाणी निश्चल होतं. झाडाचं पान हलत नव्हतं.

“ताणलेलं ब्लेड वाऱ्यानंसुद्धा गुणगुणतं, नाही?” मालकांनी विचारलं.

“हो,” मी म्हणालो.

गेनूनं खिळा केसांसकट फाटक्या मुंडाशात बांधला आणि पाण्यात सोडला. “जा बाई आपल्या गावाला,” एवढंच म्हणाला. मी करवत पुन्हा जुळवली, त्यानं येऊन ओंडका लावला. फळ्या सरळ निघाल्या. ट्रक भरला.

तेव्हापासून कुठंही गेलो, की झाड कुठलं ते आधी विचारतो, मग पाना हातात घेतो.

मालकांना एक गोष्ट मात्र बोललो नाही. खोदायला बसण्याआधी मी टेन्शन पुरतं सोडलं होतं. ढिलं ब्लेड वाजत नाही.