बंद मशीनवर फुटलेला तारा

आमची फुफू, म्हणजे आत्या, जिन्नांच्या गोष्टी सांगायला लागली की मी सगळ्यांसमोर फिदीफिदी हसायचे. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय. पण जे झालं ते झालं.

मी विश्रांतवाडीची. पुण्यातच एका संस्थेत पीएचडी करत होते - मोठे तारे शेवटी कसे फुटतात, ते कॉम्प्युटरवर घडवून बघायचं. ताऱ्याचा गाभा आत कोसळतो, त्यातून धक्क्याची लाट बाहेर निघते आणि तारा फुटतो. आकाशात फुटतो. माझा फुटायचाच नाही! लाट अर्ध्यात अडकायची आणि सगळं फुस्स... फेलोशिप संपत आली होती. "तारा फुटेपर्यंत वडील पोसणार आहेत का तुम्हाला?" असं आमच्या गाइड सरांनी त्यांच्या खास पुणेरी गोडव्याने विचारलं, त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

खंडेनवमीला मशीन सांभाळणारे देसाई काका सगळे सर्व्हर बंद करून पूजा करायचे. त्या वर्षी नेमका माझा रन, म्हणजे ताऱ्याचं गणित, मशीनवर चालू होता. मी खूप विनवण्या केल्या.

"अहो मॅडम, एक दिवस तुमचा तारा थांबला म्हणून आकाश कोसळत नाही."

काकांनी माझ्यासमोर प्लग काढले, हळदीकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि खोलीला कुलूप लावलं.

दसऱ्यानंतर मशीन सुरू केलं. थांबलं होतं तिथून पुढे चालवायला गेले, तर पुढच्या सगळ्या फाइली तयार! त्यांच्यावर वेळ पूजेच्या दिवशीच्या दुपारची. उघडून बघितल्या... लाट सुटून थेट पृष्ठभागापर्यंत गेलेली. तारा फुटला होता.

आनंदाने ओरडलेच मी. मग फाइलींवरची वेळ पुन्हा वाचली आणि सरांना नि काकांना बोलवायला धावले.

"मशीनचं घड्याळ चुकलं असेल," सर म्हणाले.

"घड्याळ चुकेल हो सर, पण वीज कुठून आली?" काका म्हणाले.

तोच कोड, तेच आकडे घेऊन आम्ही पुन्हा पुन्हा चालवलं. खरं तर उत्तरही तेच यायला हवं. दर वेळी लाट अडकली.

"जे पुन्हा घडवून दाखवता येत नाही, ते थिसिसमध्ये जाणार नाही," सरांनी निकाल दिला. मनात नव्हतं, तरी मी 'तारा का फुटत नाही' यावरच थिसिस लिहिला.

व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "एकदाही नाही फुटला?"

"एकदा फुटला, सर. पण तेव्हा मशीन बंद होतं."

सगळे खो-खो हसले. डिग्री मिळाली. तो तारा कसा फुटला, हे मला आजही सांगता येत नाही... पण व्हायवाच्या त्या खोलीत हसले नाहीत ते फक्त आमचे सर.