सरळ सॅक्सोफोनची रेकॉर्ड

परवा बाबांची जुनी जॅझची रेकॉर्ड लावली आणि सनईसारख्या सरळ सॅक्सोफोनचा तो सूर ऐकताच मी लालबागच्या खोलीत पोचलो.

संप रखडला होता. मिलमध्ये साचे, म्हणजे माग, चालवणारे बाबा रोज दुपारी गिरगावात मित्राकडे रेकॉर्ड ऐकायला जायचे. चाळीत कुणाला ते पटत नव्हतं. काहीजण संप फोडून गुपचूप कामावर जातात, अशी कुजबुज होती. बाबा परतले की आई त्यांच्या केसांत, भुवयांत बोटं फिरवून कापसाचे तंतू शोधायची.

"काय ऐकता तिथं?" तिने एकदा विचारलं.

"सनईसारखंच असतं."

"संपात कुणाचं लगीन काढलंय?"

तंतू कधीच सापडले नाहीत, पण संशय गेला नाही. मलाही ती रेकॉर्ड निव्वळ सबब वाटायची. पुढे बाबांनी ती घरी आणली, तेव्हा ऐकून कंटाळलो. मागे ड्रम सतत एकाच लयीत वाजतो.

परवा मात्र आई आतून उठून आली.

"हा तर साच्यांचा आवाज," ती म्हणाली, आणि बराच वेळ आपल्या बोटांकडे बघत राहिली.